पाच तासांची वाट

गावरला पोचल्यावर आम्ही सर्वांत आधी विकत घेतली ती भरती-ओहोटीच्या वेळांची तळहाताएवढी पुस्तिका. खरे तर ती माझ्या धाकट्या बहिणीने घेतली. माझ्याकडे नकाशा होता, त्यावर पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी आणि पुळणी पिवळ्या रंगात दाखवलेल्या होत्या, आणि एवढ्या भांडवलावर नऊ दिवस निभावतील अशी माझी खात्री होती. “ताई, हा नकाशा किती वाजताचा आहे?” असे तिने विचारले तेव्हा मला तो तिचा नेहमीचा खोडसाळपणा वाटला. तिसऱ्या दिवसापर्यंत मात्र त्या किनाऱ्याविषयी याहून नेमका प्रश्न विचारता येणार नाही, असे माझे मत झाले होते.

गावर हे वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, स्वान्सी शहराच्या पश्चिमेला समुद्रात शिरलेले छोटे द्वीपकल्प आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १८८ चौरस किलोमीटर, म्हणजे मोटारीने एका दिवसात सगळे पाहून झाले असे म्हणता येईल एवढेच. असाधारण निसर्गसौंदर्याचा प्रदेश म्हणून ब्रिटनमध्ये १९५६ साली सर्वांत पहिले संरक्षण मिळाले ते याच भूभागाला. दक्षिणेला चुनखडीचे उभे कडे आणि त्यांच्यामध्ये अडकलेल्या पुळणी, मधून केव्हन ब्रिन या तांबड्या वालुकाश्माच्या डोंगराचा कणा, उत्तरेला चिखलाची खाजणे, आणि ओढ्यांनी कोरलेल्या घळींमधून लपलेली जंगले असा हा सगळा ऐवज आहे. या किनाऱ्यावरून चालणारी वाट आता संपूर्ण वेल्सचा किनारा जोडणाऱ्या सुमारे १४०० किलोमीटरच्या पदपथाचा भाग आहे. तो पदपथ ५ मे २०१२ रोजी खुला झाला. निळ्या पाटीवरचा शंख, ज्याच्या टोकाला ड्रॅगनची शेपटी फुटली आहे, ही त्याची खूण. ती दिसली की आपण वाटेवर आहोत हे कळते. वाट कोरडी आहे की नाही हे मात्र ती सांगत नाही.

ब्रिस्टल चॅनेल हा गावरसमोरचा समुद्राचा फाटा पूर्वेकडे नरसाळ्यासारखा निमुळता होत जातो. अटलांटिकमधून आत शिरलेल्या भरतीला पसरायला जागा उरत नाही, म्हणून पाणी वर चढते. शिवाय या फाट्याची लांबी आणि खोली अशी जुळून आली आहे की भरतीच्या लयीशी तिचा मेळ बसतो आणि नेमक्या क्षणी ढकललेला झोका जसा चढत जातो तसे पाणी चढत जाते. सेव्हर्न नदीच्या मुखाकडे उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांमधला फरक १४ मीटरपर्यंत जातो. स्वान्सीच्या उपसागरात तो साडेआठ मीटरच्या आसपास असतो, म्हणजे दोन-तीन मजली घराइतके पाणी दिवसातून दोनदा येते आणि दोनदा जाते. उतार सौम्य असेल तिथे या उंचीची लांबी होते. सकाळी ज्या कठड्याला लाटा आपटत होत्या, तिथून दुपारी पाण्यापर्यंत पोचायला दहा-पंधरा मिनिटे चालावे लागते, आणि दोन पुळणींच्या मधली जी भिंत सकाळी अभेद्य वाटली होती तिच्या पायथ्याशी दुपारी चक्क रस्ता उघडतो. पुस्तिकेवरून बहिणीने आणखी एक गोष्ट हेरली. इथे पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत, उधाणाच्या दिवसांत, दिवसाची मोठी ओहोटी नेहमी दुपारच्या सुमारासच येते. पुढे रोज ती पाऊण तास, तासभर उशिरा सरकत जाते आणि भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तेव्हा, सकाळ-संध्याकाळवर जाऊन बसते. आम्ही पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पोचलो होतो. हा निव्वळ योगायोग होता. बहिणीने मात्र तो स्वतःच्या नावावर जमा केला.

त्यामुळे आमचा दिनक्रम आपोआप ठरला. पाणी उतरले की किनारा, चढले की जंगल. याहून शहाणा प्रवासबेत मी आजवर आखलेला नाही, आणि हाही मी आखलेला नव्हता.

द्वीपकल्पाच्या पश्चिम टोकाला रॉसिली आहे. तिथली पुळण सुमारे पाच किलोमीटर लांब आणि जवळजवळ सरळ आहे, आणि तिच्या मागे रॉसिली डाउन हा १९३ मीटर उंचीचा डोंगर आहे, जो गावरमधला सर्वांत उंच. डोंगराला ‘डाउन’ का म्हणतात हे कोडे मला बरीच वर्षे होते. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थच टेकडी असा होतो, एवढे साधे त्याचे उत्तर आहे. डोंगराच्या कुशीत पुळणीच्या वर एकच पांढरे घर उभे आहे, धर्मगुरूंचे जुने निवासस्थान. त्याच्या आसपास एक गाव होते, ते मध्ययुगात वाळूने गिळले. पुळणीवर हेल्व्हेशिया या नॉर्वेजियन जहाजाचा सांगाडा आहे. १८८७ साली लाकूड घेऊन निघालेले हे जहाज वादळाने इथे आणून टाकले. आता वाळूतून ओकच्या काळ्या फासळ्या तेवढ्या वर आलेल्या दिसतात, आणि त्याही ओहोटीलाच. आम्ही गेलो तेव्हा त्यांच्याभोवती गुडघाभर पाण्याचे तळे साचले होते आणि एक लहान मुलगा त्यात गंभीर चेहऱ्याने होडी सोडत होता.

पण रॉसिलीला लोक जातात ते वर्म्स हेडसाठी. ‘वर्म’ म्हणजे इथे किडा नव्हे. जुन्या भाषेत तो सर्प किंवा ड्रॅगन. कड्यावरून पाहिले की नाव सार्थ वाटते. एक बुटका खांदा, मग सखल मान, आणि शेवटी उंच उचललेले डोके, असा दीडेक किलोमीटर लांबीचा प्राणी समुद्रात उतरताना दिसतो. किनारा आणि हा प्राणी यांच्यामध्ये खडपांची एक पट्टी आहे, जी ओहोटीच्या आधी अडीच तास उघडते आणि नंतर अडीच तासांनी बुडते. पाच तासांची वाट. कड्याच्या टोकावरच्या जुन्या टेहळणी खोलीत स्वयंसेवक बसतात आणि त्या दिवशी पट्टी किती वाजेपर्यंत सुरक्षित आहे ते बाहेर फळ्यावर लिहून ठेवतात.

फळ्यावर लिहिलेली वेळ मी काढलेल्या वेळेपेक्षा बरोबर एक तासाने अलीकडची होती. मी हिशेब पक्का केला होता. अशा पुस्तिकांत वेळा ग्रिनिचच्या असतात आणि उन्हाळ्यात त्यांत एक तास मिळवावा लागतो, हे मी कुठेतरी वाचले होते आणि तो तास मी इमानाने मिळवला होता. त्यामुळे मी मनातल्या मनात फळ्यालाच चूक ठरवले. लिहिणाऱ्याचा तास मिळवायचा राहिला असणार, असे मी बहिणीला समजावूनही सांगितले. तिने काही न बोलता पुस्तिका उघडली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूची बारीक अक्षरांतली ओळ माझ्यासमोर धरली. उन्हाळी वेळेचा तास छापतानाच मिळवलेला होता. मी तो दुसऱ्यांदा मिळवला होता. आम्ही माझ्या हिशेबाने चाललो असतो तर पट्टी बुडाल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, अगदी वेळेवर आल्याच्या समाधानात, परत तिच्या काठाशी उभ्या राहिलो असतो. अशा वेळी एकच नियम आहे, पाण्यात उतरायचे नाही आणि पुढच्या ओहोटीची वाट बघत बेटावर बसून राहायचे. ती ओहोटी मध्यरात्रीनंतरची होती.

फळ्याच्या वेळेवर विसंबून आम्ही उतरलो. पट्टी ओलांडायला वीस मिनिटे पुरतात असे सांगतात, पण ती तरण्यांची वीस मिनिटे असावीत. खडपांवर निळसर-काळ्या शिंपल्यांचा खरखरीत थर होता, मध्ये मध्ये डबकी होती, त्यांत तांबड्या जेलीच्या गोळ्यांसारखी मिटलेली समुद्रफुले होती, आणि प्रत्येक पाऊल कुठे ठेवायचे हे वेगळे ठरवावे लागत होते. पलीकडे पोचल्यावर गवताळ खांद्यावरून छान मळलेली वाट मिळाली. शेवटच्या डोक्यावर १ मार्च ते ३१ ऑगस्ट जायला मनाई असते, कारण तिथे समुद्रपक्षी घरटी करतात. आम्ही मानेपर्यंतच गेलो आणि दुर्बिणीतून कड्यावरची ती गजबज पाहत बसलो. खाली खडकांवर चार-पाच करडे सील पहुडले होते. ते अधूनमधून एकमेकांवर कुरकुरत होते, आणि त्यांचे ते कुरकुरणे ऐकून बहिणीने माझ्याकडे पाहिले नाही हे तिचे सौजन्य.

मुदतीच्या पाऊण तास आधीच आम्ही परत किनाऱ्यावर आलो आणि मुद्दाम टेहळणी खोलीशेजारच्या गवतावर बसून राहिलो. पाणी लाटांनी येत नाही, हे मला तेव्हा समजले. मी समोरून लाट येण्याची वाट पाहत होते, आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंची डबकी कधी एकमेकांना मिळत गेली ते कळलेच नाही. खालून कोणीतरी भांडे भरत असावे तसे पाणी वर येत होते. आधी मधल्या घळी भरल्या, मग काळ्या खडपांची बेटे झाली, मग त्या बेटांवर पांढरी रेघ उमटली, आणि फळ्यावर लिहिलेल्या वेळेनंतर काही मिनिटांतच डावीकडचा आणि उजवीकडचा समुद्र एक झाला. जिथून आम्ही इतक्या कष्टाने चालत आलो होतो तिथे आता जोरदार ओढ असलेले हिरवे पाणी वाहत होते. नकाशा माझ्या मांडीवर उघडा होता, आणि त्यात वर्म्स हेड जमिनीला जोडलेले होते.

चढत्या पाण्याचे तास आम्ही जंगलांना दिले. या किनाऱ्यावरची जंगले मोठी नाहीत. वाऱ्याला आणि मिठाला चुकवून जिथे ओल्या सावलीची घडी सापडली तिथे ती टिकली आहेत, म्हणजे ओढ्यांच्या घळींत आणि कड्यांच्या कुशीत. ऑक्सविचच्या पुळणीच्या टोकाला असे एक जंगल थेट समुद्रावर उतरते. त्यात सेंट इल्टिडचे छोटे दगडी चर्च आहे, एका अंगाला झाडी आणि दुसऱ्या अंगाला खाली लाटा अशा कोंदणात बसलेले. वाट चर्चच्या भिंतीला वळसा घालून पायऱ्यांनी वर चढते आणि समुद्र दिसेनासा होतो; आवाज मात्र पानांतून गाळून आल्यासारखा येत राहतो, इतका की वारा कोणता आणि लाटा कोणत्या हे ठरवता येत नाही. मे महिन्याचे पहिले दिवस होते. जमिनीवर रानलसणीची पांढरी फुले पसरली होती आणि तिचा वास सगळ्या घळीत भरून राहिला होता. जिथे ती नव्हती तिथे ब्लूबेलचा निळा धूर होता.

याच जंगलांत एक दुखणेही दिसते. ॲशची झाडे मरत आहेत. २०१२ साली ब्रिटनच्या रानांत एक बुरशी आढळली. ती पानांतून शिरते आणि शेंड्याकडून खाली झाड वाळवत नेते. चुनखडीवरच्या या घळींत ॲश हेच मुख्य झाड, त्यामुळे डोक्यावर आकाशाची भगदाडे पडली आहेत आणि वाटेलगतची धोकादायक झाडे कापून ओंडके तिथेच टाकलेले दिसतात. सावलीत वाढणाऱ्या रानलसणीचे पुढे काय होईल, असा प्रश्न मनात आला. पण त्याच भगदाडांखाली हेझलची आणि सिकॅमोरची रोपे उन्हाला झोंबत होती, त्यामुळे मला धड हळहळताही येईना.

पार्कमिलपासून आत शिरणाऱ्या एका हिरव्या घळीत जंगलाच्या मधोमध मोकळे कुरण आहे आणि त्यात पार्क ल ब्रिऑस नावाचे नवाश्मयुगीन थडगे आहे. १८६९ साली रस्त्यासाठी दगड काढणाऱ्या मजुरांना ते सापडले आणि पुढे त्यात सुमारे ४० माणसांचे अवशेष मिळाले. सुमारे ५८०० वर्षांपूर्वीचे हे बांधकाम कमरेएवढ्या दगडी भिंतींचे आहे, आणि कोणीही त्यात शिरून उभे राहू शकते. शेजारच्या घळीत, इल्स्टनच्या ओढ्याकाठी, १६४९ साली बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचा वेल्समधला पहिला समुदाय स्थापन झाला. पडक्या प्रार्थनागृहाचे काही दगड आणि एक स्मारकफलक तिथे आहे. ओढे या चुनखडीत मध्येच जमिनीखाली गडप होतात आणि पुढे कुठेतरी पुन्हा प्रकट होतात. बिशप्स्टनच्या दरीत आम्ही बराच वेळ कोरड्या पात्रातून चाललो, आणि एका वळणावर खडकाच्या बुडातून पाणी असे काही उसळून बाहेर आले की जणू मधल्या काळात त्याने विश्रांती घेतली होती.

पार्कमिल आणि इल्स्टन या दोन्ही घळींचे पाणी शेवटी पेनार्ड पिल या ओढ्याने थ्री क्लिफ्सच्या पुळणीवर येते. ‘पिल’ म्हणजे भरतीचे पाणी शिरणारा ओढा, ‘स्लेड’ म्हणजे समुद्राकडे उतरणारी कोरडी घळ, ‘बरोज’ म्हणजे वाळूच्या टेकड्या आणि ‘कुम’ म्हणजे दरी. हे चार शब्द शिकल्यावर नकाशावरची निम्मी नावे बोलू लागतात. ओढ्यात ओळीने दगड मांडलेले आहेत, त्यांवरून उड्या मारत पलीकडे जायचे. उधाणाच्या भरतीला तेही बुडतात. त्यांच्या वर, वाळूच्या टेकडीच्या कडेवर, पेनार्डचा पडका किल्ला आहे. त्याच्यावर चालून आलेल्या सैन्याची गोष्ट मला कुठे ऐकायला मिळाली नाही. त्याला हरवले ते वाळूने. चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वाऱ्याने आणलेल्या वाळूने तिथले जगणे अशक्य केले आणि किल्ला सोडून दिला गेला. परींचा अपमान केला म्हणून त्यांनी वाळू पाठवली अशी दंतकथा आहे. आता त्या वाळूला मॅरम गवताने धरून ठेवले आहे. हे गवत पुरले गेले की वरच्या थरातून पुन्हा डोके काढते, मुळे पसरते आणि आणखी वाळू अडवते. किल्ल्याच्या भिंतींच्या फटींत पिवळ्या फुलांची एक बुटकी वनस्पती वाढते, जी ब्रिटनमध्ये गावरखेरीज कुठेही रानटी उगवत नाही. ती मार्चच्या सुमारास फुलते. आम्हाला हिरवे गुच्छ तेवढे दिसले, आणि त्यांच्या पलीकडे गोल्फ खेळणारे चार सद्गृहस्थ, कारण किल्ल्यापर्यंतची वाट गोल्फच्या मैदानातून जाते. ऐतिहासिक विषादात बुडून जावे, तर डोक्यावर चेंडू येण्याची धास्ती.

सहाव्या दिवशी पोर्ट आयननहून रॉसिलीपर्यंत कड्यांवरून चाललो. साधारण अकरा किलोमीटरची ही वाट गावरमधली सर्वांत कठीण आणि माझ्या मते सर्वांत देखणी आहे. निम्म्या वाटेवर फॉक्सहोल स्लेड ही घळ खाली उतरते आणि तिच्या तोंडाशी, कड्याच्या समुद्राकडच्या अंगाला, पाव्हिलँडची गुहा आहे. १८२३ साली ऑक्सफर्डचे भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम बकलँड यांना तिथे शिर नसलेला एक सांगाडा मिळाला. हाडे गेरूने लाल झाली होती, सोबत हस्तिदंती कांड्या आणि भोके पाडलेले शंख होते. बकलँड यांनी ती रोमन काळातली बाई असावी असे ठरवले आणि ‘लाल बाई’ हे नाव चिकटले. पुढे कळले की तो तरुण पुरुष होता आणि त्याला सुमारे ३३ हजार वर्षांपूर्वी पुरले होते.

गुहेत खालून शिरायला पूर्ण ओहोटी लागते. आमच्या वेळी पाणी चढत होते, म्हणून आम्ही घळीच्या तोंडाशी बसून राहिलो. लाटा थेट कड्याच्या पायथ्याला धडकत होत्या. त्या तरुणाला पुरले तेव्हा समुद्राची पातळी खूप खाली होती, आणि या गुहेपुढे पाणी नसून कित्येक मैलांचे गवताळ मैदान होते. ज्यांनी त्याला इथे ठेवले त्यांना इथून चरणारी जनावरे दिसत असतील. शंख त्यांनी दूरच्या किनाऱ्यावरून आणले होते. हे सगळे मी आधी वाचलेले होते, पण पायाखाली पाणी आदळत असताना ते आठवले तेव्हा मला क्षणभर भोवळ आल्यासारखे झाले. पाच तासांची वाट मला एव्हाना समजली होती. इथेही ओहोटीच होती, फक्त तिची पुस्तिका कोणी छापलेली नव्हती.

“पाणी आत्ता अर्ध्यावर आहे,” बहीण म्हणाली. “उठा ताई, पुढे म्यूस्लेड आहे आणि ती पुळण भरतीला शिल्लकच राहत नाही म्हणे.”

शिल्लक राहिली नव्हती. कड्यावरून खाली पाहिले तर नकाशातल्या पिवळ्या पट्ट्याच्या जागी फेस होता.

शेवटचे दोन दिवस भांगाचे होते. पाणी फार उतरेना आणि फार चढेनाही. वायव्य टोकाच्या व्हाइटफर्डला आम्ही पाइनच्या झाडीतून आणि वाळूच्या टेकड्यांतून चालत गेलो. किनारे वाचवण्यासाठी १९६५ साली नॅशनल ट्रस्ट या संस्थेने जी मोहीम सुरू केली, तिच्यातली पहिली खरेदी या जागेची होती. पलीकडे चिखलात ओतीव लोखंडाचे दीपगृह आहे, १८६५ सालचे, केव्हाच विझलेले. मोठ्या ओहोटीला त्याच्यापर्यंत चालत जाता येते असे म्हणतात. आम्हाला ते लांबूनच, कमरेइतक्या पाण्यात उभे असलेले दिसले.

पुस्तिका बहिणीने स्वतःकडे ठेवली. ती वर्षभराची आहे. आता दर पौर्णिमेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, म्हणजे तिकडे दुपारचा एक वाजलेला असताना, तिचा फोन येतो. कुशलमंगल विचारायच्या आधी ती फक्त एवढेच सांगते, की पट्टी उघडली आहे आणि आपल्याला साडेतीनपर्यंत वेळ आहे.